मा-बू: आधी पाय, मग ठोसे

कुंग फू शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी उंच लाथ मारायची असते. मी त्यांना आधी मा-बूत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारख्या रुंद बैठकीत, उभं करते. कुंग फूची शैली शाओलिन असो की हुंग गार, ठोशाची ताकद पायांतून कमरेत आणि तिथून मुठीत येते.

पावलांत खांद्यांच्या साधारण दुप्पट अंतर, बोटं समोर. पाठ ताठ ठेवून खुर्चीत बसल्यासारखं खाली जा. मुठी कमरेशी. मांड्या जमिनीला समांतर व्हायला वेळ लागतो, सुरुवातीला अर्ध्यावर थांबा. गुडघे मात्र आत पडू देऊ नका, ते पावलांच्या बोटांच्या दिशेनेच हवेत. मांड्या थरथरतील, थरथरू द्या. गुडघ्यात कळ आली तर लगेच उठा. हा फरक ओळखता येणं मला उंच लाथेपेक्षा मोलाचं वाटतं. खांदे सैल, श्वास नाकाने.

३० सेकंदांपासून सुरू करा, दर आठवड्याला १० वाढवा. कराटेवाल्यांना त्यांच्या किबा-दाची या अशाच बैठकीमुळे ही ओळखीची वाटेल. विंग चुन या कुंग फूच्या शैलीची बैठक मात्र अरुंद असते, तिथे ही रुंदी नेऊ नका.

२ मिनिटं स्थिर जमली की तिथूनच सरळ ठोसे सुरू करा: एक मूठ पुढे, त्याच क्षणी दुसरी कमरेशी परत.