सरकारकडे अर्ज लिहिण्याआधी

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या गावात कॅथलिकांची अकरा घरं. रविवारी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) झाली की चर्चमागच्या कडुनिंबाखाली बसून आम्ही गावातली अडचण वहीत लिहितो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. आधी नेमकं लिहा, कोणाचं काय अडलं.

मग विचारा, हे सर्वांत जवळचं कोण करू शकतं? घर, भाऊबंद, शेजार, मग ग्रामसभा. सरकार शेवटी. हे माझ्या मनचं नाही. पोप अकरावे पायस यांनी 1931 च्या परिपत्रकात लिहिलं, की लहान समूहाला जे जमतं ते मोठ्यानं हिरावून घेणं हा अन्याय आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गावानं तेच आपल्या भाषेत म्हटलं : ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’.

गेल्या उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायचा होता. अर्ज दोन वर्षं पडून होता. शेवटी प्रत्येक घरातून एक माणूस, दोन घमेली. चार दिवसांत पाणी लागलं. भाकरी-पिठलं बायांनी आळीपाळीनं दिलं, त्यात हिंदू-बौद्ध घरंही होती. पैशांचा हिशेब त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचा, ही गोष्ट मी हात जोडून सांगते.

पण एकट्या म्हातारीचं ऑपरेशन किंवा नापिकीचं कर्ज गावाच्या आवाक्याबाहेरचं असतं. तिथं सरकारी मदत मागायला लाजू नका. गरिबाला उपाशी ठेवून जपलेलं स्वावलंबन ख्रिस्ताला चालणार नाही. अर्ज मात्र ग्रामसभेच्या ठरावासह द्या आणि पोच घ्या.