थडग्यांची छापचित्रं: आधी पाटी वाचा

मुद्राचित्रणाची पदविका झाल्यावर मी कलेतिहासाकडे वळलो आणि विषय घेतला सोळाव्या शतकात आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पला छापलेल्या थडग्यांच्या चित्रांचा. पहिले दोन महिने मी एका छापातलं थडगं कुठल्या चर्चमध्ये आहे हेच शोधत होतो. शेवटी मार्गदर्शकांनी विचारलं, "त्यावर नाव कुणाचं कोरलंय?" बघितलं तर पाटी कोरी. ते थडगं कुणाचंच नव्हतं. पाथरवटाने आणि गिऱ्हाइकाने समोर ठेवून बोलणी करावीत, असा तो नमुना होता. मृताचं नाव आणि घराण्याचं चिन्ह नंतर यायचं.

म्हणून नव्यांना माझं पहिलं सांगणं: नक्षीत हरवण्याआधी पाटी आणि तळाची ओळ वाचा. 'इन्व्हेनिट' म्हणजे कल्पना कुणाची, 'फेकिट' म्हणजे प्लेट कुणी केली, 'एक्स्कुडिट' म्हणजे छापून विकलं कुणी. हिएरोनिमस कॉक हे प्रकाशकाचं नाव तुम्हाला वारंवार भेटेल. १५५७ मध्ये त्याने कोर्नेलिस फ्लोरिसचे नमुने काढले, १५६३ मध्ये हान्स फ्रेडेमन द फ्रीसचे. दुसऱ्या संचाच्या नावातच 'सेनोटाफ' आहे. मूळ ग्रीक अर्थ, रिकामं थडगं.

रेषा भिंगाखाली बघा. हे हातचं काम शिकलेल्यांना इथे फार मिळतं. ब्यूरिनने, म्हणजे धातू कोरायच्या टोकदार हत्याराने, कोरलेली रेष टोकाला निमुळती होते, आम्लाने खाल्लेली, म्हणजे एचिंगची, बोथट राहते. कॉककडे काम करणारे व्हान दूतेकुम बंधू एचिंग इतकं सफाईने करत की ते कोरीवकाम वाटावं. मी चक्क फसलो होतो. स्क्रीनवर हा फरक नीट दिसत नाही, तेव्हा संग्रहालयाच्या अभ्यासिकेत वेळ मागून मूळ छाप बघाच.

मला स्वतःला फ्लोरिस जास्त भावतो. तो शिल्पकार होता. श्लेस्विगच्या कॅथेड्रलमधलं डेन्मार्कच्या पहिल्या फ्रेडरिकचं थडगं त्याचंच, त्यात सद्गुणांच्या स्त्रीमूर्तींनी राजाची शिळा तोलून धरली आहे. तो संच हातात घेतला की भार कुठून उतरतो ते कळतं. फ्रेडेमनकडे यथादर्शनाची, म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवण्याची, आणि चामड्याच्या पट्ट्या वळवल्यासारख्या नक्षीची हौस दांडगी. दगडात ते कसं उभं राहील, हा प्रश्न मला त्याच्या पानापानावर पडतो. दोघांचा एकेक छाप शेजारी मांडा आणि वरच्या शिळेचं वजन बोटाने खाली, जमिनीपर्यंत उतरवत न्या.