हिवाळ्यात उन्हाळ्याला जायचं ते असं

मी कोल्हापूरकडं वडाप चालवतो, म्हणजे सीटवर भाडं घेणारी गाडी. कळे ते बाजारभोगाव ही माझी रोजची लाईन. डिसेंबर ते फेब्रुवारी रविवारी मात्र स्पेशल भाडं असतं, राजापूरजवळच्या उन्हाळ्याचं. तिथं ऊन पाण्याचा झरा आहे. सीट धरायला फोन येतो आणि समोरचा हमखास म्हणतो, “अवो, उन्हाळ्याला अजून चार महिने हाईत की!” म्हणून आधी नावाचं सांगतो, रस्त्याचं मागून.

गावाचं नाव उन्हाळे. ते ऋतूवरून पडलेलं नाही, पण दोघं सख्खे भाऊ. बाप एकच, संस्कृतातला ‘उष्ण’. प्राकृतात त्याचा ‘उण्ह’ झाला आणि मराठीत ‘ऊन’. आई ताटात ऊन-ऊन भात वाढते तो हाच शब्द. लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणतो, तीही त्याच घरातली. हे मला एका रिटायर मास्तरांनी सांगितलं, तेही घाटाच्या वळणावर, मी दुसऱ्या गिअरमध्ये असताना. खोटं कशाला बोलू, तोवर मलाही वाटायचं की झरा उन्हाळ्यातच वाहत असेल.

मास्तरांनी पुढची चावीही दिली. दापोलीकडं उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे, जळगाव जिल्ह्यात उनपदेव, किनवटकडं उनकेश्वर. चारही ठिकाणी गरम पाणी. पण नुसत्या नावावर पैज लावू नका. संगमेश्वराजवळच्या तुरळ आणि राजवाडीच्या नावात कुठं ऊन नाही, पाणी मात्र चांगलं कडत आहे. ज्याला आणखी खोदायचं असेल त्यानं १८८० चं रत्नागिरीचं गॅझेटियर बघावं, राजापूरच्या प्रकरणात ह्या झऱ्याची नोंद सापडते. फोनच्या नकाशावर विसंबू नका. इंग्रजी स्पेलिंग वाचून त्यातली बाई ‘अनहेल’ म्हणते. राजापुरात उतरून “ऊन पाणी कुठं?” एवढं विचारलं की पोरंसुद्धा हात करून दाखवतात.

रस्ता असा. पहाटे पाचला कोल्हापूर सोडायचं. कळे, बाजारभोगाव, अणुस्कुरा घाट, पाचल, ओणी, मग हायवेनं राजापूर. ११० किलोमीटरच्या आसपास पडतं, चहा धरून साडेतीन तास. पेट्रोल-डिझेल कोल्हापुरातच भरा. गगनबावडा-भुईबावड्यानं खारेपाटणला उतरूनही जाता येतं. पावसाळ्यात मी दोन्हीकडून नाही म्हणतो. एकदा जुलैमध्ये भाड्याच्या लोभानं गेलो, तर घाटात दरड आडवी. अकरा माणसं आणि भिजलेल्या भाकऱ्या घेऊन चार तास बसलो. शिवाय अर्जुना नदीला पूर आला की राजापूरच्या बाजारातच पाणी शिरतं.

अणुस्कुरा ही राजापूर बंदराची जुनी व्यापारी वाट. १६६० ला पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला जे इंग्रज तोफा घेऊन आले, ते राजापूरच्या वखारीतलेच. पुढच्या वर्षी महाराजांनी ती वखार लुटली. गाडीत हे सांगितलं की घाटात कुणाला मळमळत नाही, हा माझा अनुभव.

आता बाया-बापड्यांसाठी महत्त्वाचं: चांदी घरी ठेवा. हुपरीची एक मावशी नवीन पैंजण घालून, झऱ्याचं पाणी पडतं त्या गोमुखाखाली बसली. बाहेर आली तर पैंजण आधी पिवळट, मग जांभळट, शेवटी तव्यासारखं काळं. पाण्यात गंधक असतं, वासावरूनच कळतं, ते चांदीला धरतं. मावशीचं सगळं घर चांदीच्या धंद्यातलं, तिलाच हे ठाऊक नाही म्हणून गाडीभर हसत होते. ती मात्र शांत: “घरात पॉलिशला बसलेत की दोन भाऊ, त्यांना काम नको?”

आंघोळीची पद्धत. पाणी बेचाळीस अंशांच्या घरात, म्हणजे पहिली धार अंगावर आली की चटका वाटतो. आधी पाय, मग गुडघे, मग खांदे. दहा मिनिटांवर थांबायचं, बाहेर येऊन पाणी प्यायचं, वाटलं तर परत जायचं. उपाशीपोटी नाही आणि भरपेट जेवूनही नाही. बी.पी., हृदयाचा त्रास, पोटुशी बाई यांनी डॉक्टरला विचारूनच. नाकात पाणी जाऊ देऊ नका. साबण-शाम्पू लावू नका. जागा सगळ्यांची आहे, पुड्यांचे कागद आपल्याच पिशवीत परत आणा. गुडघेदुखी कायमची जाते असं मी कुणाला सांगत नाही. दोन दिवस मोकळं वाटतं, एवढं खरं.

खाली ज्वालामुखी आहे का, असं पोरं विचारतात. नाही. पावसाचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. अशा झऱ्यांची रांग पालघरपासून किनाऱ्याला धरून खाली येते, राजापूर तिचं दक्षिणेचं टोक. म्हणून आपल्याला हेच जवळ.

जवळच राजापूरची गंगा आहे, चौदा कुंडांची. तिची आणि ह्याची गल्लत करू नका. गंगा साधारण तीन वर्षांनी येते आणि मनाला येईल तेव्हा जाते, तेव्हा आधी फोन करून खात्री करा. ऊन पाणी बारमाही.

परत निघायचं तीनच्या आत, घाट उजेडात चढायला. आंघोळीनं अंग सैल पडतं, पाचल यायच्या आत अख्खी गाडी घोरायला लागते. म्हणून ड्रायव्हरला तासभर पाण्यात बसायचा आग्रह करू नका. मी नुसते पाय बुडवून येतो.