महिन्याला एक चौकोन, त्यात एक हट्टी कापड

अख्खी गोधडी एकदम शिवायला घेतली की ती बहुधा माळ्यावर जाते. त्यापेक्षा महिन्याला एक चौकोन शिवा आणि प्रत्येकात एखादं अवघड कापड घालायचंच, अशी अट ठेवा: या महिन्यात खण, पुढच्या महिन्यात जुन्या इरकलीचा काठ.

साडेचार इंचांचे नऊ तुकडे कापा. पाच अटीच्या कापडाचे, चार साध्या सुती कापडाचे. पाव इंच दाब (शिलाईबाहेरची कड) सोडून तीन-तीनच्या तीन ओळींत जोडले की साडेबारा इंचांचा चौकोन होतो. गोची इथेच आहे. प्रत्येक शिलाई एक सूत (इंचाचा आठवा भाग) जरी आत सरकली, तरी दोन्हीकडच्या तुकड्यांतून तेवढं जातं, म्हणजे दोन शिलायांत अर्धा इंच जातो आणि पुढे चौकोनाला चौकोन जुळत नाही. म्हणून मशीनवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला टेकवूनच शिवा.

खणाचे धागे फार सुटतात. कापण्याआधी मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ अस्तर लावा. नवं सुती कापड धुऊनच वापरा. ते आटतं, रंगही सोडतं. (माझ्या पहिल्या चौकोनातलं पांढरं कापड आज गुलाबी आहे.) सगळ्यात मऊ मात्र जुनं नऊवारी लुगडं. पण ते उजेडात धरून बघा, विरलेला भाग टाळा.

वर्षभराचे 12 चौकोन तीन-तीनच्या चार ओळींत जोडले की प्रत्येकाचा अर्धा इंच दाबात जाऊन 36 बाय 48 इंच, बाळाच्या गोधडीपुरतं माप होतं. आत जुनी सुती साडी घाला, वरून हाताने धावदोरा.