प्रवेश बारावीनंतर, कागद अकरावीत

बार्शी तालुक्यातल्या एका गावातून मी पुण्याला इंजिनीअरिंगला आलो. प्रवर्ग ओबीसी, घरी तीन एकर कोरडवाहू आणि वडिलांचं छोटं किराणा दुकान. चारही वर्षं शिष्यवृत्तीच्या आधाराने निघाली. आता धाकटी बहीण त्याच वाटेवर आहे. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये गावाकडून हमखास फोन येतो, "दादा, नंबर लागलाय, आता स्कॉलरशिपचं काय करायचं?" तोवर बरंच काही हातातून निसटलेलं असतं. म्हणून हे सगळं अकरावीतल्या मुलामुलींसाठी.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर नुसत्या जातीच्या दाखल्यावर भागत नाही. विज्ञान शाखेला असाल तर अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजच्या पत्रासह जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करता येतो. बारावीच्या निकालापर्यंत थांबलात तर अख्ख्या जिल्ह्यातली पोरं तुमच्यासोबत रांगेत असतात. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे शोध तुमच्या नव्हे, आजोबा-पणजोबांच्या कागदांचा.

आमच्या आजोबांचं नाव जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरात निघालं. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटाच्या तळातून ते ओढून काढलं तेव्हा कडा उंदरांनी कुरतडलेल्या होत्या, पण जातीच्या रकान्यातली शाई शाबूत होती. त्याचाच प्रवेश-निर्गम उतारा घेतला. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचा दाखला शोधा, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल मागा. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. इथे गफलत चालत नाही. "पुरावा चुलत आजोबांचा जोडलाय, मग ते वंशावळीत कुठायत?" असं विचारून आमच्या शेजाऱ्याची फाईल परत पाठवली होती. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल तर काम फार हलकं होतं. त्यामुळे धावपळ सुरू करण्याआधी काका-आत्यांना एक फोन करा.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्र, त्यामानाने सोपे. नॉन-क्रीमीलेअर तीन वर्षांच्या उत्पन्नावर निघतं आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेशाला पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं. तेव्हा एप्रिल उजाडला की दाखले काढून देणारं सेतू केंद्र गाठायचं. जूनमध्ये तलाठी भाऊसाहेबांची गाठ पडेलच याचा भरवसा धरू नका.

आता कॉलेज निवडण्याचं. पसंतीक्रम भरताना मुलं कटऑफ बघतात, फी बघत नाहीत. खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते, ती एका वहीत कॉलेजवार उतरवून ठेवा. आणि टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा, विसरू नका. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कुठल्याही प्रवर्गातल्या मुलाला ५ टक्के अधिकच्या जागांवर शिक्षण शुल्क पूर्ण माफ होतं. या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी इंग्रजी टी. तो पसंतीक्रमात वेगळा टाकला नाही तर जागा मिळण्याचा प्रश्नच नाही. कटऑफ चढा असतो आणि मिळाल्यावर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, तरी माझ्या मते पात्र असलेल्याने हा कोड वरच ठेवावा.

कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, मिळालेली जागा सोडून मॅनेजमेंट कोट्यातून "चांगली ब्रँच" घेणाऱ्यांनी एवढं पक्कं समजून घ्यावं की तिथे महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची फी सवलत मिळत नाही. एजंट हे सांगत नाहीत.

माझ्या वेळी ओबीसी म्हणून निम्मं शिक्षण शुल्क मिळालं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना ते पूर्ण मिळतं, परीक्षा शुल्कही. बहिणीला त्याचा फायदा झाला. खुल्या गटातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, निम्म्या फीची. पण "फी माफ" ऐकून खुश होऊ नका. विकास शुल्क, डिपॉझिट, मेस, कॉट बेसिसची खोली, लॅपटॉप हे सगळं त्याच्या बाहेर राहतं.

शिवाय शिष्यवृत्ती मागून येते. कधी वर्ष संपता संपता, कधी पुढच्या वर्षात. शिष्यवृत्तीची रक्कम कॉलेजांनी आगाऊ घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत, तरी काउंटरवर वाद घालायची वेळ येतेच. शासन निर्णयाची प्रत खिशात असू द्या. पहिल्या वर्षाच्या राहण्या-जेवणाची सोय मात्र स्वतंत्र करावी लागते. आम्ही शैक्षणिक कर्ज मंजूर करून ठेवलं आणि लागेल तेवढंच उचललं. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत. सरकारी वसतिगृहाचा अर्ज चुकवू नका. पुण्यात येणाऱ्यांनी १९५५ पासून चालणाऱ्या विद्यार्थी सहायक समितीच्या वसतिगृहांची चौकशी बारावीच्या निकालाआधीच करावी. डिप्लोमा किंवा डिग्रीच्या पहिल्या वर्षाच्या मुलींनी एआयसीटीई या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्तीही बघावी, वर्षाला ५० हजार रुपये आहेत.

पैसे अडकण्याची जागा बहुतेक वेळा बँक असते. पासबुकाला आधार जोडलंय एवढ्याने भागत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, ते खातं एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेकडे आधारशी जोडलेलं लागतं, आणि एका वेळी एकच खातं तसं जोडलेलं असतं. मध्येच कुणी कॅम्पसमध्ये टेबल टाकून नवं खातं उघडून दिलं आणि तिथे आधारची संमती दिलीत, तर शिष्यवृत्ती त्या खात्यात जाते आणि तुम्ही जुनं पासबुक भरत बसता. आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडलेली आहे ते दोन मिनिटांत दिसतं. फॉर्म भरण्याआधी बघून घ्या. दहावीच्या मार्कलिस्टवरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, तेही तेव्हाच.

आणि फॉर्म नेट कॅफेत भरलात तरी मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर दिला की ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्या वहीत, आणि कॉलेजने अर्ज सेंट बॅक केल्याचा, म्हणजे दुरुस्तीसाठी परत पाठवल्याचा, मेसेजही त्याच्याच फोनवर. दर आठवड्याला लॉगिन करून अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते बघा. दुरुस्तीची मुदत टळली की त्या वर्षापुरता विषय संपतो.