न्यूक्लिअस निळा होईना
डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून पहिल्यांदाच हिस्टोपॅथला (टिश्यू कापून, रंगवून मायक्रोस्कोपखाली तपासायच्या विभागाला) बसत असाल, तर आधीच सांगते: पहिले काही महिने रोज वाटेल की हे काम आपलं नाही. रिबन (एकाला एक जोडून निघालेली कापांची पट्टी) वाकडी येते, सेक्शन (टिश्यूचा पातळ काप) पाण्यावर सुरकुततं आणि सर मायक्रोस्कोपमधून डोकं वर न काढताच "परत करा" म्हणतात. मी चार वेळा राजीनामा लिहून फाडला. ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यू) शिल्लक आहे तोवर स्लाइड परत होते, हे लक्षात ठेवा. मात्र सुईने काढलेली बारीक बायोप्सी असेल, तर ट्रिमिंगला (ब्लॉकचा वरचा थर तासताना) हात आवरा. तिथे परत काही होत नाही.

कटिंगबद्दल थोडक्यात. प्रत्येक सेक्शनला त्याच जागी उभी चीर येत असेल, तर ब्लेडला तिथे खाच पडली आहे, ब्लेड सरकवा. आडवे पट्टे पडत असतील किंवा एक सेक्शन जाड, एक पातळ येत असेल, तर आधी ब्लेडचा आणि ब्लॉकचा क्लॅम्प घट्ट आहे का बघा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. मेण ५६-५८ अंशांना वितळणारं असेल, तर वॉटर बाथ (सेक्शन तरंगवायचं गरम पाणी) ४५-४८ वर ठेवा. टिश्यू ब्लॉकमध्ये मेणाच्या पातळीखाली खोल गेलेला आणि बोटाला मऊ लागत असेल, तर मायक्रोटोमशी (कापायच्या यंत्राशी) झटापट करू नका. त्यात पाणी राहिलंय, प्रोसेसिंग (पाणी काढून मेण भरणं) पुन्हा करावं लागेल. ४ मिलिमीटरपेक्षा जाड तुकडा कॅसेटमध्ये कोंबणाऱ्यांना एकदा तरी स्वतःचे ब्लॉक कापायला लावायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ब्लॉक बदलताना हँडव्हील लॉक! माझ्या डाव्या अंगठ्याला दोन टाके पडले, ते "एकच तर ब्लॉक आहे" म्हणून.

आता माझी फजिती.

मी काम शिकले मराठवाड्यातल्या एका लॅबमध्ये. हॅरिस हिमॅटॉक्सिलिन (न्यूक्लिअस, म्हणजे पेशीचं केंद्रक, रंगवणारा रंग), ॲसिड अल्कोहोलमध्ये जादा रंग काढायला एक-दोन बुचकळ्या, मग पाच मिनिटं नळाखाली. न्यूक्लिअस छान निळा. पुढे मुंबईत नोकरी लागली. तीच पद्धत, तीच वेळ, आणि न्यूक्लिअस तांबूस-जांभळा, मळकट. मी हिमॅटॉक्सिलिन पाच मिनिटांवरून बारावर नेलं. मग सायटोप्लाझमही (न्यूक्लिअसभोवतीचा पेशीचा भाग) रंगू लागला, म्हणून ॲसिड अल्कोहोल वाढवलं. मग न्यूक्लिअसच धुऊन निघाला. चांगली भरलेली बाटली "खराब आहे" म्हणून ओतून दिली. तीन आठवडे गेले असे.

शेवटी एका जुन्या टेक्निशियन काकांनी एवढंच विचारलं, "आधीच्या लॅबला पाणी कुठलं होतं?"

बोअरचं! तिथल्या नळांवर पांढरा थर चढायचा, केसांना शाम्पूचा फेस यायचा नाही. मुंबईत तलावाचं मऊ पाणी, आणि लॅबच्या सिंकला वर आरओ.

हिमॅटॉक्सिलिनचा रंग आम्लात लालसर असतो आणि सहज सुटतो. अल्कली मिळाली की तो निळा होतो आणि टिश्यूवर पक्का बसतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तसाच हा प्रकार. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट हे काम गुपचूप करत होते आणि मी समजत होते की माझा हात बसलाय. आरओच्या पाण्यात ते जवळपास नसतातच. त्याखाली पाच मिनिटं धरा नाहीतर पंधरा, फरक पडत नाही.

उपाय स्वस्त आहे: स्कॉटचं पाणी. एक लिटर पाण्यात ३.५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. शंका असेल, तर इओसिनला (पुढच्या गुलाबी रंगाला) जाण्याआधी एक तांबूस स्लाइड त्यात मिनिटभर धरा. डोळ्यांदेखत निळी झाली, तर दोष हिमॅटॉक्सिलिनचा नव्हता. काही जण अमोनियाचे थेंब टाकून मोकळे होतात. चालतं, पण थेंब जास्त पडले की सेक्शन काचेवरून सुटून तरंगायला लागतं. मला तो शॉर्टकट आवडत नाही.

आणि त्यानंतर स्लाइड नीट धुवा. मी धुतल्या नाहीत. अल्कली इओसिनच्या भांड्यात गेली, दोन दिवसांत गुलाबी रंग फिका पडला, आणि मी पुन्हा बाटलीलाच शिव्या घातल्या. इओसिनला किंचित आम्ल लागतं, पीएच पाचच्या जरा खाली. अ‍ॅसेटिक ॲसिडचे दोन-चार थेंब टाकले आणि रंग परत आला.

"हात बसला की कळतं" असं सांगणाऱ्या सिनियरचा हात बघा जरूर, पण तो कुठल्या नळाखाली बसलाय तेही विचारा. काकांनी मला पद्धत शिकवली नाही, एक प्रश्न विचारला. बाकी कुणी तोही विचारला नव्हता.

स्कॉटचं पाणी एकदम पाच लिटर करून ठेवू नका, त्यात बुरशी धरते. थोडं करा आणि बाटलीवर तारीख घाला.