पायाला रिंग लावून घरी आल्यावर: पाना, ड्रेसिंग आणि टाच

बाइकवरून पडून नडगी फुटते, जखमेत पू होतो, सडलेलं हाड डॉक्टर काढून टाकतात आणि मध्ये चार-पाच सेंटिमीटरची पोकळी राहते. अशा पेशंटची ड्रेसिंगं करण्यात माझी नोकरी गेली. आता निवृत्त होऊन कोपरीत घरी असते, तरी ‘सिस्टर, रिंग लावलीय, पुढे काय?’ असं विचारत लोक येतातच. रिंग म्हणजे पायाभोवतीची धातूची कडी: अशा काही कड्या तारांनी हाडाला अडकवतात आणि रॉड-नटांनी एकमेकींना जोडतात.

पोकळी लहान असली तर कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढून भरतात. मोठी असली तर काही सर्जन आधी तिथे हाडांसाठीच्या खास सिमेंटचा ठोकळा बसवतात. सहा-आठ आठवड्यांत त्याभोवती पातळ पडदा तयार होतो, मग ठोकळा काढून पडद्याच्या आत हाडाचे बारीक तुकडे भरतात. तिसरी वाट सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्हांची: चांगल्या भागात हाड कापायचं, तो तुकडा रोज जरासा पोकळीकडे सरकवायचा, मागे पडणाऱ्या फटीत नवं हाड धरतं. कोणती वाट घ्यायची ते सर्जन ठरवणार. पण या तिसऱ्या वाटेत तो तुकडा धरणारी रिंग नट फिरवून सरकवायची असते, म्हणून पाना घरच्यांच्या हातात येतो.

ऑपरेशननंतर साधारण पाच ते दहा दिवस काहीच फिरवायचं नाही. मग बहुतेकांना दिवसाला १ मिलिमीटर सांगतात, तोही चार वेळा पाव-पाव करून. नट एक पूर्ण फिरला की रिंग १ मिलिमीटर सरकते. रिंगच्या दोन्ही बाजूंना नट असतात: जिकडे सरकायचंय तिकडचा आधी पाव फेरा सैल, मग मागचा तेवढाच घट्ट. हे त्या रिंगच्या प्रत्येक रॉडवर करायचं. एक जरी राहिला तर रिंग तिरकी होते. सहा कोनी नटाचा पाव फेरा म्हणजे दीड बाजू, इथेच लोक गोंधळतात. म्हणून डिस्चार्जआधी वॉर्डातच पाना हातात घेऊन सिस्टरसमोर करून दाखवा आणि दिशेचा बाण रिंगवर मार्करने काढून घ्या. पाना बहुधा १० नंबरचा लागतो. वहीत वेळ आणि सही. एकाच माणसाने फिरवावं. सकाळी आईने आणि तेच पुन्हा भावाने, असं नको.

एखादी पाळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट फिरवू नका, डॉक्टरांना फोन करा. घाई केली तर हाड धरत नाही, नसा ताणतात. फार रेंगाळलं तर कापलेली जागा आधीच जुळून बसते. पायाला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, तर पाना खाली ठेवा आणि लगेच कळवा.

तारांच्या भोवतीची जागा हात धुऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावणानेच पुसायची. हळद नको, नारळाचं तेलही नको. थोडं पाणी येतं, त्याने घाबरू नका. लाली पसरली, ठणका वाढला, पू आला तर वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात जुन्या चादरीची सैल पिशवी शिवून रिंगवर घाला. पँट बाजूने उसवून वेल्क्रो लावून घ्या.

टाचेकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. रिंग असताना पोटरी आखडते आणि पाऊल खाली लोंबतं. फिजिओ शिकवतील तसं पाऊल वर ओढायचा व्यायाम दिवसातून अनेकदा करा, झोपताना आधाराची पट्टी लावा. डॉक्टरांनी वजन टाकायला सांगितलं असेल तर टाका, हाडाला ते हवंच असतं. फक्त आमच्या फुटपाथचे उखडलेले पेव्हर ब्लॉक टाळा, सोसायटीच्या आवारातच चाला.

बिडी, गुटखा, मशेरी बंद. यावर मी वाद घालत नाही.

एका सेंटिमीटरला साधारण महिना ते दीड महिना धरा, म्हणजे पाच सेंटिमीटरला सहा-सात महिने रिंग; सुट्टीचा अर्ज त्या हिशोबाने करा. रिंग निघाली की मुलं लगेच गाडी मागतात. नवं हाड तेव्हाही वाकू किंवा मोडू शकतं, म्हणून काही आठवडे प्लास्टर किंवा ब्रेस देतात. एक्सरे पाहून डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत गाडीची किल्ली आईच्या कपाटात.